उसवायला हवी होती ती शिवण

४ फेब्रुवारी

ठिणगे,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. कामाचं बोलते.

दोन वर्षांनी नातीचं पाकीट आलं म्हणून मी हात धुऊन, चष्मा पुसून बसले. आत निघालं काय, तर कंपनीचा छापील कागद आणि त्याला टाचलेली तुझी चिठ्ठी. ‘आजी, बरी असशील. फक्त खाली सही कर. यात तुझंच भलं आहे.’ माझं भलं तुझ्या साहेबाला कधीपासून कळायला लागलं गं?

कागद तीनदा वाचला. तिसरीपर्यंत शिकलेली बाई तीनदाच वाचणार. त्यात लिहिलंय की अपघात झालेल्या त्या गाडीच्या पुढच्या सीटवरची हातशिवण माझी नाही, माझ्या हाताखालच्या कुठल्याही बाईची नाही, आणि ती बहुधा बाहेरच्या एखाद्या दुकानात करून घेतली असावी. मग एक रेघ. रेघेखाली माझं नाव, आणि पुढे ‘शिवणखात्याच्या माजी प्रमुख’. एकतीस वर्षं तिथे सुई चालवली तेव्हा ‘ए मावशी’ होते. खोटं बोलायची गरज पडली तशी प्रमुख झाले.

सही करणार नाही. कागद परत पाठवतेय. मागची बाजू कोरी दिसली म्हणून तिच्यावर किराण्याची यादी केली होती, ती खोडली आहे.

तुमच्या कागदात म्हटलंय ‘सीट पाहून खात्री केली’. तर ऐक, ती सीट मी तुझ्या साहेबाच्या आधी पाहिली. गल्लीच्या टोकाला ठोक्याचं गॅरेज आहे ना, चेपलेले पत्रे ठोकून सरळ करतो तो, त्याच्याकडेच ती गाडी ओढून आणली होती. आपल्याच कंपनीची. नाकावरचा चांदीचा बगळा जसाच्या तसा ऐटीत उभा, आणि दाराची बाजू चुरगाळलेल्या रद्दीसारखी. ठोक्या मला बोलवायला घरी आला. “आजी, जरा येऊन बघा. सीटमधली एअरबॅग फुगली, पण बाहेर पडायला वाटच मिळाली नाही तिला. शिवणीशी अडली आणि मागच्या मागे फुटली.”

मी वाकून पाहिलं. आपल्या पोराचं नाक जसं चार पोरांत ओळखू येतं, तसा आपला टाका ओळखू येतो. बोटं फिरवून उठले.

गाडी चालवणारी बाई दातांची डॉक्टर आहे. चार बरगड्या मोडल्या, एक फुप्फुसात घुसली. जगली आहे. हे तुमच्या कागदात कुठेच नाही. की त्याला जागा पुरली नाही?

तुझी,
माजी प्रमुख

१२ फेब्रुवारी

ठिणगे,

एवढ्या झटकन उत्तर आलं म्हणजे साहेब डोक्यावर उभा असणार. अक्षर तुझं, भाषा त्याची. ‘कंपनीची प्रतिमा’, ‘संवेदनशील काळ’. आणि शेवटी, ‘आजी, किल्लीवाले टपून बसलेत.’

किल्लीवाले कधी टपून बसले नव्हते? माझं लग्न व्हायच्या आधीपासून नदीच्या या काठाला बगळ्याचा कारखाना आणि त्या काठाला किल्लीचा. यांनी लाकडी पट्टी लावली की त्यांनी अक्रोडाची लावायची. त्यांनी दाराशी दिवा लावला की यांनी छत्री ठेवायला खाच करायची. नव्या गाडीला कातड्याचा वास येतो ना, तो आमच्याकडे बाटलीतून मारायचे, आणि त्यांची बाटली आपल्यापेक्षा भारी आहे म्हणून एक मीटिंग दोन दिवस चालली होती. गिऱ्हाईक गाडी विकत घेत नाही गं, शेजाऱ्याची पोटदुखी विकत घेतं. दोघांनाही ते ठाऊक आहे.

हेच मी तुझ्या नव्या घरी जेवायला आलेल्या साहेबाला बोलले, तर तू दोन वर्षं बोलणं टाकलंस. काय म्हटलं होतं मी? एवढंच की तुमच्या गाडीचं दार लागताना जो भारदस्त ‘धप्प’ येतो ना, तो आत पट्टी चिकटवून आणलाय. आधी ते पत्र्याच्या डब्यासारखं वाजायचं. आठ माणसं महिनाभर दारं आपटत बसली होती, मी डोळ्यांनी पाहिली. साहेब हसला. तू हसली नाहीस. जेवणानंतर तू म्हणालीस, “आजी, माझी नोकरी म्हणजे कंपनीचं नाव सांभाळणं आहे, आणि तू माझ्याच टेबलावर ते धुऊन काढलंस.” मी म्हटलं, धुतल्याने जातं ते नाव नव्हे, मळ. माघार घेत नाही. पण भाजी चांगली झाली होती, ते सांगायचं राहिलं.

आता शिवणीचं. सात वर्षांमागे किल्लीवाल्यांनी मोठी जाहिरात केली. क्रेनच्या आकड्याला त्यांनी आपली सीट टांगली, नुसत्या बाजूच्या शिवणीवर, आणि तिच्यात एक पैलवान बसवला. खाली लिहिलं, ‘आमचा टाका सुटत नाही.’ शहरभर तो पैलवान लोंबकळत होता. आमच्याकडे सुतक पडल्यासारखं झालं. कारखान्याचा साहेब शिवणखात्यात आला, जो कधी आला नव्हता, आणि म्हणाला, “मावशी, असं काहीतरी शिवा की नदीपलीकडच्यांनी मान खाली घातली पाहिजे.”

तीनशे चाळीस गाड्यांची खास मालिका काढली. सीटच्या बाजूने वरपासून खालपर्यंत तंबाखूच्या रंगाचा मेणवलेला दोरा, हाताने, दुहेरी ओळीत. अकराजणी आणि बारावी मी. दाभणाने बोटं सोलून निघाली. तपासायला चष्मेवाला यायचा, तो शिवणीत हुक अडकवून ओढायचा. सुटली नाही की शंभरपैकी शंभर. माझी एकही सुटली नाही. कोणाचीच सुटली नाही. मी शिकवलेल्या होत्या त्या.

तेव्हा ‘बाहेरच्या दुकानात केली असावी’ हे मला लिहायला सांगू नकोस. बाहेरच्या दुकानाच्या बापाला जमायची नाही.

आजी

१६ फेब्रुवारी

ठिणगे,

तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. वाट पाहिली तर धीर जाईल, आणि धीर गेलेली मी मलाच आवडत नाही.

मागच्या पत्रात मी शिवणीची फुशारकी मारली आणि अर्धं गिळलं. ते अर्धं तुला माहीत आहे. तू ते एकाही चिठ्ठीत काढलं नाहीस. ही तुझी माया की तुझी हुशारी, याचा मी चार दिवस विचार केला. दोन्ही असेल. माझीच नात.

त्या वेळी तू माझ्याकडे राहून कॉलेजला जात होतीस. खास मालिकेच्या शिवणीचा नकाशा मी घरी आणला होता, कडेला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. मी म्हटलं, वाच गं. तू चहा पीत वाचलंस. बाजूच्या शिवणीत, खांद्यापासून एक वीत खाली, एक हातभर लांबीत बारीक दोरा वापरावा. टाके लांब. मध्ये गाठ नको, परत फिरवून टीप नको. हातशिवणीचा दोरा तेवढ्या भागात फक्त वरच्या थरातून न्यावा.

मी काय म्हणाले ते आठवतंय? “दोरा वाचवतायत मेले. कातडं राजाचं आणि दोरा भिकाऱ्याचा.” तू म्हणालीस, “आजी, काहीतरी कारण असेल, विचार ना.” मी म्हटलं, “तिसरी शिकलेल्या बाईने इंजिनिअरला विचारायचं, आणि त्याने हसायचं? माझ्या हातून सैल शिवण बाहेर जाणार नाही.”

आणि मी जाड दोरा घातला. दोन्ही थरांतून. दर चार टाक्यांना गाठ. अकराजणींना तसंच शिकवलं, आणि एकीने नकाशाकडे बोट दाखवलं तर तिच्या बोटावर अंगुस्तान मारलं.

ती शिवण फुटायलाच ठेवली होती गं. गाडीला बाजूने धक्का बसला की आतली पिशवी तिथूनच फाडून बाहेर यायची, माणूस आणि दार यांच्यामध्ये. ते दार मी शिवून टाकलं. कच्चं काम करणारीच्या हातून हे झालं नसतं. तिचा टाका सुटला असता आणि त्या डॉक्टरणीच्या बरगड्या शाबूत राहिल्या असत्या. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकच वाईट काम झालं, आणि ते माझं सगळ्यात चांगलं काम होतं.

चाचणीसाठी जी गाडी बाजूने आपटली तिची सीट आधीची, मशीनवर शिवलेली. हातशिवणीची एकही आपटली नाही, महाग पडते म्हणून. हा त्यांचा भाग. तो मी माझ्या अंगावर घेणार नाही. माझा भाग मात्र त्यांना देणार नाही.

आता तुझा साहेब म्हणतो, एका सहीत दोघांचं नाव वाचेल, कंपनीचं आणि माझं. वाचेल. आणि तीनशे एकोणचाळीस गाड्या रस्त्यावर फिरत राहतील, माझ्या गाठी घेऊन. त्यात कोण बसतं मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच झोप लागत नाही. माहीत असतं तर जाऊन सांगितलं असतं.

मी वाहन सुरक्षा कार्यालयात अर्ज दिला आहे. सव्वीस तारखेला बोलावलंय. ‘नकाशा कोणी वाचून दाखवला’ असं विचारलं तर मी तुझं नाव घेणार. आधीच सांगून ठेवते, पाठीमागून करायची सवय नाही मला.

आजी

२० फेब्रुवारी

ठिणगे,

तुझा फोन आला तेव्हा मी घरात होते. मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू रडतेस आणि मग माझं ठरलेलं मोडतं. लिही.

आज एक गंमत झाली. किल्लीवाल्यांचा माणूस घरी आला. राखाडी कोट, बूट असे की त्यात माझी चाळ दिसत होती. हातात पांढरी फुलं. मी दारातच विचारलं, “कोण गेलं?”

“नाही नाही, आजी, तुमच्यासाठी. तुमच्यासारख्या कारागिरांचा आम्हाला फार आदर आहे.”

“एकतीस वर्षं नदीपलीकडून दिसला नाही तो. धुकं होतं का?”

बसला. माझ्या अर्जाचा वास त्याला कसा लागला हे मी विचारलं नाही, गिधाडाला कोणी पत्ता विचारत नाही. बोलणं मात्र लोण्यासारखं. त्यांना माझा फोटो हवा होता, चौकाचौकात लावायला. सुरकुत्या दिसतील असा, म्हणाला. खाली लिहिणार, ‘खरं बोलायला धैर्य लागतं.’ आणि कोपऱ्यात किल्ली. फिरायला गाडी देणार, ड्रायव्हरसकट.

मी म्हटलं, “गाडी राहू दे. एक सांगा. तुमचा तो पैलवान ज्या शिवणीवर लोंबकळला, ती सीट तुम्ही विकता का अजून?”

“अर्थात! आमची सर्वांत लोकप्रिय.”

“एअरबॅग त्याच बाजूला?”

“त्याच बाजूला.”

“आणि शिवण?”

“आजी,” तो छाती फुगवून म्हणाला, “आमची शिवण काही झालं तरी सुट...”

तिथेच थांबला. स्वतःचं वाक्य स्वतःच्या कानात शिरलं बघ. चहाचा कप अर्धाच खाली ठेवला. मी म्हटलं, “जा, आधी एक सीट फोडून बघा. उघडली तर नशीब तुमचं. नाही उघडली तर चौकात तुमच्याच साहेबाचा फोटो लावा, सुरकुत्या येतीलच.”

गेला. फुलं विसरला. ठोक्याच्या बायकोला दिली.

हे मी कार्यालयातही सांगणार आहे. तुझ्या साहेबाला आनंद होईल, की किल्लीचीही अब्रू जाईल. होऊ दे. त्याला आनंद व्हावा म्हणून सांगत नाही आणि दुःख व्हावं म्हणून लपवणार नाही.

आजी

२७ फेब्रुवारी

ठिणगे,

काल तू समोर बसली होतीस तरी लिहिते, कारण तिथे आपण बोललो नाही.

वाळली आहेस. तो काळा कोट तुला शोभत नाही, खांद्यात एक बोट सैल आहे. कोणी शिवला?

अधिकारी बाई बरी वाटली. वयाने तुझ्या आईएवढी असेल. म्हणाली, “आजी, तुम्हाला कळतंय ना, तुम्ही स्वतःविरुद्ध बोलताय?”

“शिवणीविरुद्ध बोलतेय. मी तिच्या मागे उभी आहे एवढंच.”

तुझा साहेब मध्ये पडला, गोड आवाजात. “मॅडम, या आमच्या परिवारातल्या ज्येष्ठ आहेत. वयामुळे थोडं...”

“परिवारातली असते तर निवृत्तीच्या दिवशी निदान खुर्ची दिली असती,” मी म्हटलं. “उभ्यानेच निरोप घेतला होता. वयाचं म्हणत असाल, तर सुईत दोरा ओवू या का दोघं, इथेच? बघू कोणाचा आधी जातो.”

मग मी पिशवीतून कातड्याच्या दोन पट्ट्या काढल्या. एक नकाशाप्रमाणे शिवलेली, एक माझ्या पद्धतीची. अधिकारी बाईने पहिली ओढली. फर्रकन उघडली. दुसरी ओढली. मग उभी राहिली, एक टोक बुटाखाली धरलं, दोन्ही हातांनी ओढली, लाल झाली. कारकून मदतीला आला. दोघं ओढत होते आणि माझी शिवण हूं की चूं नाही. तू ते पाहत होतीस. मीही पाहत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, सूट गं बाई एकदाची.

तिने विचारलं, नकाशातली सूचना तुम्हाला कोणी सांगितली होती का? मी म्हटलं, “नातीने वाचून दाखवली होती. ती तिथे बसलीय, निळी फाइल मांडीवर घेऊन. वाचलं तिने बरोबर. ऐकलं मी नाही.”

साहेब सावकाश तुझ्याकडे वळला. “तुला माहीत होतं?”

त्या वेळी तू ‘आठवत नाही’ म्हणाली असतीस, तर मी तुला दोष दिला नसता. हे खोटं आहे. दिला असता, मरेपर्यंत दिला असता. पण तू ‘हो’ म्हणून मान हलवलीस. कारकुनाने लिहून घेतलं.

बाहेर तू माझ्याजवळून निघून गेलीस. ठीक आहे. मीही हाक मारली नाही.

आजी

१९ मार्च

ठिणगे,

कार्यालयाच्या हुकमावरून निघालेली, गाड्या परत बोलावण्याची तुमची नोटीस ठोक्याने आणून दाखवली. चकचकीत कागद, बगळा सोनेरी. ‘आपला प्रवास अधिक आरामदायी व्हावा यासाठी निवडक मालकांना सीटची विनामूल्य सुधारणा.’ ही भाषा तुझी आहे, तू दहावीतसुद्धा असंच लिहायचीस.

उसवायचं काम मी कारखान्यात जाऊन मागून घेतलंय. दुसऱ्या कोणाला माझ्या गाठी सुटायच्या नाहीत. अकरापैकी सातजणी आल्या, एक देवाघरी, दोघींचे डोळे गेले, आणि जिच्या बोटावर अंगुस्तान मारलं होतं ती म्हणाली, “येणार नाही, आणि का ते तुला माहीत आहे.” बरोबर आहे तिचं.

नोटीस निघून दोन आठवडे होत आले. तीनशे एकोणचाळीसपैकी किती आल्या, सांगू? अठ्ठेचाळीस. आरामासाठी कोण येतं? ज्यांना आराम आहे ते येत नाहीत आणि ज्यांना नाही त्यांच्याकडे ही गाडी नाही.

‘धोका’ हा शब्द लिहायला शाई जास्त लागते का?

आजी

५ एप्रिल

ठिणगे,

दुसरी नोटीस वाचली. साधा कागद, बगळा नाही. ‘या गाडीच्या पुढच्या सीटची शिवण चुकीची आहे. अपघातात एअरबॅग बाहेर येणार नाही. जीव जाऊ शकतो. गाडी चालवू नका. आम्ही न्यायला येतो.’

ठोक्या सांगत होता की ती साहेबाला न दाखवता गेली, आणि दुपारपर्यंत तुझं टेबल रिकामं केलं. तुला शाबासकी देणार नाही. एवढ्या उशिरा आलेल्या गोष्टीला शाबासकी नसते, मलाही कोणी देऊ नये. पण कागद मी फळीवर डब्याखाली न ठेवता डब्यावर ठेवलाय.

आता रांग लागली आहे. दिवसाला वीस-पंचवीस. काल एक बाई आली, गळ्यात मोती, बरोबर नवरा. मी पातं लावणार तोच तिने माझा हात धरला. “अहो, किती सुंदर काम आहे हे! आम्ही या शिवणीसाठीच तर किल्लीवाल्यांची सोडून ही घेतली. दुसरं काहीतरी करा, पण ही राहू द्या. येणारा-जाणारा हीच बघतो.”

सात वर्षांत माझ्या टाक्याचं कौतुक करायला एक माणूस समोर आलं, आणि ते हे.

मी म्हटलं, “बाई, ही मी शिवली.”

“मग ही फाडायला तुमचा जीव कसा धजावतो?”

“तुमचा राहावा म्हणून धजावतो,” म्हटलं, आणि वरून खालपर्यंत फाडली. ती किंचाळली. नवरा तक्रार द्यायला ऑफिसात गेला. देऊ दे. पुढची गाडी आत घेतली.

किल्लीवाल्यांनीही कालपासून गाड्या बोलावल्यात असं ऐकते. त्यांच्या नोटिशीत ‘आराम’च आहे. त्यांना तुझ्यासारखी कोणी मिळाली नाही अजून.

दीडशेच्या वर गाड्या बाकी आहेत आणि आम्ही आठ म्हाताऱ्या. गाठी आम्ही कापतो, पण कातड्यातून दोऱ्याचे तुकडे चिमट्याने उपटून काढायला नजर तरुण लागते. एक राहिला तरी पिशवी अडते. घरी बसून नोकरीच्या नावाने रडण्यापेक्षा ये. सुई देणार नाही, तुझा हात त्यातला नाही. चिमटा देईन.

गेट आठला उघडतं. तुझं कार्ड आता चालायचं नाही. माझं नाव सांग. शिव्या घालतील, पण आत सोडतील.

आजी